१९व्या शतकातल्या अमेरिकी राज्य-आमदाराची कारकीर्द कागदांवरून कशी जुळवावी

गाव, काउंटी (राज्यातला जिल्हा) आणि साल या तीन गोष्टी हाती असल्या की सुरुवात होते. उदाहरणाला इलिनॉयचा अब्राहम लिंकन घेऊ. १८३४ ते १८४२ तो राज्याच्या प्रतिनिधिगृहात सांगामन काउंटीचा आमदार होता आणि त्याचे बहुतेक कागद उपलब्ध आहेत.

आधी काउंटीची त्या सालची हद्द तपासा. इथेच सर्वाधिक घोटाळे होतात. लिंकनचं न्यू सेलम गाव तेव्हा सांगामनमध्ये होतं. १८३९ मध्ये काउंटीचे तुकडे पडले आणि ते मेनार्डमध्ये गेलं. आजचा नकाशा समोर ठेवून शोधाल तर भलत्याच कचेरीचे कागद चाळत बसाल.

मग मतदानाच्या वह्या. इलिनॉयमध्ये त्या काळी मत तोंडी द्यावं लागे आणि कारकून मतदाराच्या नावापुढे ते टिपून घेई. त्यामुळे कोणी कोणाला मत दिलं हेही कळतं, जे गुप्त मतदान आल्यावर कधीच कळणार नाही. १८३२ ची पहिली निवडणूक लिंकन हरला, १३ उमेदवारांत आठवा आला. पण न्यू सेलमच्या ३०० पैकी २७७ मतं त्याची होती. नुसता निकाल पाहिला तर हे हातून निसटतं.

खरं काम सभागृहाच्या जर्नलमध्ये, म्हणजे कामकाजाच्या छापील नोंदीत असतं. हे खंड स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या संकेतस्थळांवर ठेवलेले आहेत. अधिवेशन डिसेंबरात सुरू होऊन नव्या वर्षात जाई, म्हणून एकाच सालावर शोधू नका. ‘१८३६-३७’ असा शोध घ्या. खंडाच्या सूचीवर विसंबू नका. होकार-नकाराच्या याद्यांत बहुधा आडनावच असतं, तेव्हा त्याच आडनावाचा दुसरा सभासद नाही ना, हे आधी पाहा. शेवटचे दिवस जरूर वाचा: गुलामगिरीविरोधी चळवळीचा निषेध करणारे ठराव जानेवारी १८३७ मध्ये आले, तेव्हा विरोधात पडलेल्या ६ मतांत लिंकनचं एक होतं; पण गुलामगिरी अन्यायावर उभी आहे, हे त्याचं आणि सहकारी आमदार डॅन स्टोनचं लेखी निवेदन अधिवेशन संपता संपता, ३ मार्चला नोंदलं गेलं.

जर्नलमध्ये भाषणं सहसा नसतात. डिसेंबर १८४० मध्ये गणसंख्या (कोरम) मोडायला लिंकनने खिडकीतून उडी मारली, ती कळते विरोधी पक्षाच्या वर्तमानपत्राच्या टवाळीतून. त्या काळची वर्तमानपत्रं उघडपणे पक्षाची असत, म्हणून दोन्ही बाजूंची वाचावीत. १८७०-८० च्या दशकांतले काउंटी-इतिहास तर वर्गणीदारांच्या पैशांवर छापलेले. त्यातली स्तुती जशीच्या तशी खरी मानू नका, तारखा मात्र पडताळून वापरता येतात.

जनगणनेत कुटुंबातल्या (गुलाम नसलेल्या) प्रत्येकाचं नाव १८५० पासून मिळतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. १८९० ची बरीचशी आगीनंतर नष्ट झाली, त्यामुळे १८८० वरून थेट १९०० वर उडी घ्यावी लागते.

‘सिनेटर’ शब्द दिसला की थांबा. राज्याच्या सिनेटचा की वॉशिंग्टनमधल्या, देशाच्या सिनेटचा? वॉशिंग्टनच्या सिनेटरला १९१३ पर्यंत राज्याची विधिमंडळंच निवडत. त्या निवडीला उभं राहता यावं म्हणून लिंकनने १८५४ मध्ये जिंकलेली आमदारकी सोडली. तेव्हा निवडून आल्याच्या यादीत नाव आहे म्हणून माणूस सभागृहात बसला असं धरू नका. हजेरी जर्नलमध्ये वेगळी शोधा.