जुना लॅपटॉप, मराठी टंकलेखन आणि मॅस्टोडॉनवरचे खाते

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या वाचनालयात एक जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ त्याचा प्रोसेसर स्वीकारत नव्हते, म्हणून तो भंगारात देण्याची चर्चा सुरू झाली होती. आज त्याच लॅपटॉपवर गावातली मुले अर्ज लिहितात आणि शेतकरी पिकांच्या नोंदी ठेवतात. हे कसे साधावे आणि मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खाते कसे सांभाळावे, ते येथे क्रमाने सांगतो.

अशा यंत्रासाठी लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत कार्यप्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती निवडावी, कारण ती हलकी आहे; २ जीबी रॅमवर ती सुरू होते आणि ४ जीबी असेल तर काम सुखाने चालते. तिची फाइल सुमारे ३ जीबीची असते, त्यामुळे ती तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या जोडणीवर उतरवून घ्यावी आणि संकेतस्थळावर दिलेल्या चेकसमशी, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणाऱ्या अंकाक्षरांच्या ओळीशी, ताडून पाहावी. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे पुढे तासन्‌तास वाया जातात, म्हणून ही तपासणी कधीही टाळू नये. मग रुफस किंवा एचर या मुक्त साधनाने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहावी आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. अजून काहीही बसवलेले नसताना वाय-फाय, आवाज आणि कळफलक नीट चालतात का हे याच वेळी तपासता येते. जुन्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवल्यावरच 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय निवडावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेली असते आणि भारनियमनात वीज मध्येच गेली तर स्थापना अर्धवट राहते, म्हणून वीज नक्की असेल अशीच वेळ धरावी. लेखन व हिशेबासाठी लिब्रेऑफिस आणि इंटरनेट पाहण्यासाठी फायरफॉक्स मिंटसोबतच येतात.

यानंतरचे काम बरेच जण अर्धवट सोडतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे: मराठी कळफलक. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठीची इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी, जोडावी. पहिले आठ दिवस ती अवघड वाटते, पण स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत हे एकदा ध्यानात आले की बोटे आपोआप वळतात. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. हा शब्द लिहिताना 'एच'च्या कळीवर प, शिफ्ट धरून 'जे'वर ऱ, 'डी'वर हलन्त, 'यू'वर ह, 'ई'वर काना, अवतरणचिन्हाच्या कळीवर ट आणि 'आर'वर दीर्घ वेलांटी येते. साधा र वापरला तर 'पर्हाटी' असा रफार उमटतो आणि शब्द बिघडतो; 'शेतकऱ्यांचा' लिहितानाही हीच काळजी घ्यावी. जुन्या छपाईच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अगम्य अक्षरांत दिसतो, युनिकोड या जागतिक अक्षरप्रमाणातला मजकूर मात्र सगळीकडे वाचता येतो आणि शोधताही येतो.

आता मॅस्टोडॉनकडे वळू. हे २०१६ साली ऑयगन रोखको यांनी सुरू केलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा एकच मालक-सर्व्हर नसतो. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले अनेक सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या सामाईक नियमावलीने एकमेकांशी बोलतात, आणि ही नियमावली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१८ साली मान्य केली. आपले नाव आणि सर्व्हरचे नाव मिळून खात्याचा पत्ता होतो, जसे गावाच्या नावाशिवाय टपाल पोहोचत नाही तसेच हे आहे.

सर्व्हर निवडताना घाई करू नये. मी ज्या पहिल्या सर्व्हरवर होतो तो पूर्वसूचना न देता बंद झाला आणि गुलाबी बोंडअळीच्या दोन हंगामांच्या छायाचित्रांसह केलेल्या माझ्या नोंदी त्याच्यासोबत गेल्या. ते दुःख आजही ताजे आहे. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतील सर्व्हर बंद करण्यापूर्वी किमान तीन महिने आधी कळवण्याचे आणि रोज बॅकअप घेण्याचे वचन देतात, म्हणून त्याच यादीतून निवड करावी आणि त्या सर्व्हरचे नियम व चालवणाऱ्याची माहिती आधी वाचावी.

अँड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून टस्की हे मॅस्टोडॉनचे ॲप घ्यावे आणि त्यातील माध्यमांची पूर्वदृश्ये उतरवण्याचा पर्याय बंद करावा. शिवारातल्या मंद नेटवर्कवर त्याचा लगेच फरक पडतो. नोंदीची भाषा मराठी ठेवावी. एका नोंदीत साधारणपणे ५०० अक्षरे बसतात, तेवढ्यात अळीचे वर्णन, पेरणीची तारीख आणि वावराची जमीन कशी आहे हे सहज मावते. मुख्य प्रवाहात नोंदी काळाच्या क्रमाने दिसतात, त्यामुळे अनोळखी वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी 'कापूस', 'तूर' असे देवनागरी हॅशटॅग जोडावेत. छायाचित्रासोबत त्याचे वर्णन लिहिणे हे आपले कर्तव्य मानावे, कारण दृष्टिहीन वाचकाला त्याशिवाय काहीच कळत नाही. खासगी संदेश सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येऊ शकतो, म्हणून आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा सातबारा त्यातून कधीही पाठवू नये.

पुढे सर्व्हर बदलावासा वाटला तर अनुयायी नव्या खात्याकडे हलवता येतात, परंतु जुन्या नोंदी सोबत येत नाहीत. त्यासाठी सेटिंगमधील आयात-निर्यात विभागातून दर महिन्याला आपल्या नोंदींचा संग्रह मागवावा. तो दर सात दिवसांनी एकदाच मागवता येतो. मिळालेली फाइल लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हवर तिची आणखी एक प्रत करावी, त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी आणि तो वाचनालयाच्या कपाटात, दाखल नोंदवहीशेजारी ठेवावा.