बाटलीतला पाण्याचा फिल्टर: मुलांचा सायन्स प्रोजेक्ट घरच्या घरी

सगळ्यात आधी एक सांगते, या फिल्टरमधून आलेलं पाणी प्यायचं नाही, कितीही नितळ दिसलं तरी नाही, आणि मुलांनाही हे सुरुवातीलाच सांगून टाका, कारण गढूळ पाणी डोळ्यांसमोर स्वच्छ झालं की प्यायचा मोह होतोच. का नाही प्यायचं ते पुढे येतंय.

सामान: कोल्ड्रिंकची 2 लिटरची रिकामी बाटली (1 लिटरची पण चालते पण थर फार पातळ होतात), कापूस, जुन्या सुती साडीचा तुकडा, रबरबँड, लाकडी कोळसा, बारीक वाळू, जाड वाळू, बोराएवढी खडी आणि खाली ठेवायला काचेची बरणी. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो, फक्त लाकडीच बघून घ्या, दगडी कोळसा नको. वाळू जवळपास बांधकाम चालू असेल तिथे विचारून आणा, पण हल्ली बऱ्याच ठिकाणी क्रश सँड असते, म्हणजे दगड फोडून केलेली, तिच्यात भुकटी खूप असते त्यामुळे नदीची मिळाली तर उत्तम. रव्याची जुनी चाळणी घ्या, खाली पडेल ती बारीक वाळू, वर राहील ती जाड.

आता धुणं. खरं काम हेच आहे आणि बहुतेक प्रोजेक्ट इथेच फसतात. तांदूळ धुतो तसंच, बादलीत वाळू घ्यायची, पाणी घालून हाताने खालपासून ढवळायची आणि वरचं पाणी लगेच ओतून द्यायचं, परत पाणी, परत ढवळा. आमच्याकडे क्रश सँड होती, तिला नऊ पाणी लागली, पहिलं पाणी सिमेंट कालवल्यासारखं राखाडी होतं आणि नवव्याला कुठे बादलीचा तळ दिसला. तोवर धुवायचं, कंटाळून पाचव्याला थांबायचं नाही. खडी पण धुवा. कोळसा जुन्या फडक्यात बांधून वरवंट्याने ठेचा, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे हवेत, मग तेही धुवा नाहीतर फिल्टरमधून काळं पाणी येतं आणि मूल हिरमुसतं.

बाटलीचा तळ मोठ्या माणसानेच कटरने कापायचा आणि कापलेल्या कडेला टेप लावायची, ती कड धारदार असते. झाकण काढून तोंडाला सुती कापड रबरबँडने घट्ट बांधा, बाटली उलटी करून बरणीवर ठेवा. मग आतून कापसाचा बोळा, फार ठासू नका. त्यावर 5 सेंमी कोळसा, त्यावर कापडाची गोल चकती (नाहीतर वाळू कोळशात घसरते), मग 6-7 सेंमी बारीक वाळू, 3 सेंमी जाड वाळू आणि सगळ्यात वर 3 सेंमी खडी. जाड वर, बारीक खाली हा क्रम मुलाला स्वतः शोधू द्या, विचारा की बारीक वाळू सगळ्यात वर ठेवली तर काय होईल, आणि वेळ असेल तर खरंच तसं करून बघा, थोड्या वेळात वरच गाळाची साय धरते आणि पाणी तुंबतं.

एक-दोन तांबे साधं पाणी ओतून ते फेकून द्या. मग गढूळ पाणी, पण हळूहळू, पळीने, धबकन ओतलं तर थर उखडतात.

आमच्या लेकीने पहिल्यांदा कुंडीतली काळी माती कालवली होती आणि चार वेळा गाळूनही पाणी चहाच्या फिकट रंगाचंच राहिलं, रडायला आली बिचारी. चूक तिची नव्हती. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की वाळूच्या फटींतून आरामात निघून जातात. मग तुरटीचा खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवला आणि तासभर हलवलं नाही, कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके झाले आणि तळाशी बसले. वरचं पाणी फिल्टरमधून घातलं तेव्हा बरणीमागे धरलेल्या वहीवरचं तिचं नाव वाचता येत होतं. पालिकेच्या केंद्रात, मुंबईच्या भांडुपला किंवा पुण्यात पर्वतीला, मुळात हेच होतं: तुरटीसारखं रसायन, गाळ बसवणं, वाळूतून गाळणं आणि शेवटी क्लोरीन.

ते शेवटचं क्लोरीन जंतू मारतं आणि आपल्या बाटलीत ते नाही, न पिण्याचं कारण हेच. जंतू साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या वाळूतल्या फटी त्यांच्यासाठी हमरस्ता. पण वाळू जंतू अडवूच शकत नाही असंही नाही. जर्मनीत 1892 साली हॅम्बुर्ग शहरात कॉलरा आला, 8 हजारांहून जास्त माणसं गेली, तिथे एल्ब नदीचं पाणी न गाळता नळाला यायचं, आणि त्याला लागूनच असलेलं अल्टोना त्याच नदीचं पाणी वाळूतून गाळून द्यायचं, ते बरंचसं वाचलं. तिथे पाणी खूप संथ झिरपायचं आणि वाळूच्या वरच्या भागात सूक्ष्मजीवांचा पातळ थर तयार व्हायचा, तो थर जंतूंना अडवतो. असा थर जमायला दिवस-आठवडे जातात, आपली बाटली एका दुपारची.

पाण्यात विरघळलेल्या गोष्टीही हा फिल्टर अडवत नाही, ते दाखवायला सोपा प्रयोग आहे. पाण्यात दोन चमचे मीठ घालून गाळा, गाळलेलं चमचाभर पाणी स्टीलच्या झाकणीवर उन्हात ठेवा, वाळल्यावर पांढरं कडं उरतं. चाखून बघायची गरजच नाही.

प्रोजेक्टमध्ये तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवा: गढूळ, नुसतं गाळलेलं, तुरटी फिरवून गाळलेलं, आणि तिन्हींवर मोठ्या अक्षरात "पिऊ नये" लिहा. वहीत किती पाणी गाळायला किती मिनिटं लागली ते प्रत्येक वेळी लिहायला लावा, गाळ साचत जातो तसा वेळ वाढतो आणि हे पोरांना आपोआप कळतं. झाल्यावर वाळू-खडी कुंडीत टाका, सिंकमध्ये नको, पाइप तुंबतो.