परसातल्या कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य: कणीने पोट भरतं, अंग भरत नाही

ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी पेटी), बल्ब, पाणी, लसी यांची सोय झाली आहे असं धरून चालू.

पहिले सहा आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. गोणीच्या लेबलावर प्रथिनं 20 टक्क्यांच्या आसपास आणि ऊर्जा किलोमागे 2,800 किलोकॅलरी हवी. पहिल्या आठवड्यात पिल्लू दिवसाला साधारण 10 ग्रॅम खातं, सहाव्यात 40 ग्रॅम. इथवर सोपं आहे.

घोळ होतो तो पैसे वाचवताना. "गावठी पिल्लं आहेत, निम्मी कणी मिसळा, चालतं." नाही चालत! कणीत प्रथिनं जेमतेम 8 टक्के, म्हणजे निम्म्या मिश्रणात 14. पिल्लू जास्त खाऊन ही तूट भरून काढत नाही. ते मुख्यतः ऊर्जेची गरज भागेपर्यंत खातं, आणि ऊर्जा तर कणीत भरपूर. मग गळ्याखालची अन्नपिशवी टम्म, पण पंखांची पिसं खुरटलेली, वाढ मागे-पुढे, आणि एकमेकांच्या शेपटीकडची पिसं उपटणं सुरू. हे बघून लोक औषध आणायला धावतात. आधी खाद्य तपासा. एप्रिल-मेच्या पुण्यातल्या उन्हात पिल्लं मुळातच कमी खातात, तेव्हा कणी घालून कस कमी केलेलं खाद्य आणखी नडतं.

काटकसर करायचीच तर खाद्य घरी बनवा. मका आणि सोया पेंड मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात बघा. 10 किलोसाठी मक्याचा भरडा साडेसहा किलो, सोया पेंड 3 किलो 200 ग्रॅम, डायकॅल्शियम फॉस्फेट (कॅल्शियम-फॉस्फरसची पूड) 150 ग्रॅम, चुनखडीची पूड 100, मीठ 30, मिथिओनिन (एक अमिनो आम्ल) 10. व्हिटॅमिन-मिनरल प्रीमिक्स पाकिटावर लिहिलंय तेवढंच. मक्यात 9 टक्के आणि पेंडेत 45 टक्के प्रथिनं धरली तर मक्यातून 585 ग्रॅम, पेंडेतून 1,440 ग्रॅम. बेरीज 20 टक्क्यांवर जाते. बारीक जिन्नस आधी अर्धा किलो भरड्यात कालवा, मग सगळ्यात. थेट टाकले तर मिठाचे खडे एकाच जागी राहतात. मका पिठासारखा दळू नका, चोचीला चिकटतो.

कच्चं सोयाबीन दळून घालणं हा सर्वात वाईट सल्ला: त्यातला ट्रिप्सिन-रोधक (ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अडवणारा घटक) प्रथिनं पचूच देत नाही. तेल काढून, नीट भाजलेली पेंडच घ्या. गाई-म्हशींची गोळी पेंड नको, तिच्यात युरिया असू शकतो. पावसाळ्यात कुबट वास येणारा मका परत करा. ऊन दाखवून बुरशीचं विष जात नाही.

सहा आठवड्यांनंतर ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य, प्रथिनं 16 टक्के. बदल आठवडाभरात हळूहळू. आता पिल्लं परसात किडे-गवत शोधतात, तेव्हा ज्वारी-बाजरी मूठभर चालेल. मात्र मोठ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य त्यांना अंडी सुरू व्हायच्या सुमारापर्यंत देऊ नका. त्यातलं साडेतीन टक्के कॅल्शियम पिल्लांची मूत्रपिंडं खराब करतं. दोन्ही एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर, आणि शिंपल्यांचा चुरा कोंबड्यांसाठी वेगळ्या, उंच भांड्यात.