जत्रेतल्या नाटकाला कॅमेरा लावण्याआधी

दशावताराचं, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचं, कॉपीराइटवाचून कधी काही अडलं नाही. एका नाटकमंडळीचा ट्रिकसीन (रंगमंचावरचा चमत्काराचा देखावा) पुढच्या जत्रेत दुसरी मंडळी करते, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पैसा रात्रीच्या प्रयोगाचा, आणि त्यासाठी संकासुराला, म्हणजे नाटकातल्या विनोदी राक्षसाला, गावात प्रत्यक्ष यावं लागतं. रेकॉर्डिंग झालं की हे गणित बिघडतं.

आधी कुठला भाग कुणाचा ते बघा. पुराणातली कथा सगळ्यांची. रंगमंचावर ऐनवेळी सुचलेली भाषणं कुठे लिहिलेली किंवा रेकॉर्ड केलेली नसतील तर त्यांवर कॉपीराइट नाही. लेखकाने नवी लिहिलेली संहिता मात्र त्याची, हयातभर आणि पुढे 60 वर्षं. पेटीवाल्याने मध्येच सिनेमाची चाल घेतली तर यूट्यूबवर दावा येऊ शकतो आणि जाहिरातीचे पैसे भलतीकडे जातात. चित्रीकरणाच्या रात्री पदं जुन्याच चालींवर ठेवा.

मग सह्या. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. देवस्थान कमिटीने मंडपात कॅमेरा लावू दिला म्हणजे कलाकारांची परवानगी मिळाली असं नाही. आपल्या सादरीकरणावर कलाकाराचा 50 वर्षं स्वतःचा हक्क असतो, राजाचं काम करणाऱ्या राजपार्टीचा तसा मृदंगवाल्याचाही. तेव्हा मंडळीच्या मालकाच्या एकट्याच्या सहीवर भागवू नका. शिवाय चित्रीकरणाला एकदा लेखी संमती दिली की, करारात वेगळं काही नसेल तर, निर्मात्याने तो व्हिडिओ वापरण्याला नंतर हरकत घेता येत नाही. व्यावसायिक वापराची रॉयल्टी मागता येते. ती हातात पडेपर्यंत चपला झिजतात. म्हणून आधीच लिहून घ्या: कुठलं चॅनेल, किती वर्षं, तुकडे काढून रील करायची मुभा आहे का, उत्पन्नात कुणाचा किती वाटा. हक्क लिहून देताना मुदत घालायची राहिली तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश राहिला तर फक्त भारत. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं छापून आलं तर ती ओळ खोडा आणि शेजारी दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

नोंदणी सक्तीची नाही. संहितेची करायचीच तर फॉर्म 14 आणि 500 रुपये. हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं.

संकासुराची दहा मिनिटं किंवा एखादं युद्ध खुशाल मोबाइलवर फिरू दे, त्यातून सुपाऱ्याच येतात. अख्खं नाटक मात्र पावसाआधी हंगाम आटपेपर्यंत टाकू नका. तीच कथा अजून शेजारच्या गावात लागायची असते.