घरच्यांना घेऊन आडवाटेला: परवडणारी फोर बाय फोर कशी निवडावी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या नात्यातल्यांचं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, आहे. वाळपईच्या पुढे डांबर संपलं की लाल मातीची वाट लागते, मध्ये एक व्हाळ (ओढा) आडवा येतो आणि शेवटी पोफळींच्या सावलीत एक तीव्र उतार. जून लागला की ती वाट साबण फासल्यासारखी होते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला जायचं तर गाडी डांबरावर ठेवून चालत जावं लागायचं, म्हणून आम्ही फोर बाय फोर, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी गाडी, शोधायला लागलो.

पहिली चूक अशी झाली की मी आणि नवऱ्याने सगळ्या गाड्या पुढच्या सीटवर बसूनच पाहिल्या. तीन दारांची एक गाडी जवळजवळ ठरली होती. त्या रविवारी सासूबाईंना चक्कर मारायला नेलं. पुढची सीट वाकवून मागे शिरताना त्यांचा गुडघा अडकला. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मात्र म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या, मी घर राखते.” गाडी नाकारायला मला एवढं पुरेसं होतं. तेव्हापासून मला विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कुटुंबाची गाडी मागच्या सीटवर बसून निवडा.

पहिली पायरी: गेल्या वर्षभरातल्या वाटा लिहून काढा

गोवा सगळा मिळून ३,७०२ चौरस किलोमीटरचा, आणि बहुतेक ठिकाणी डांबर पोचलेलं. चोर्ला घाट असो, तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ असो, साधी गाडी तिथवर जाते. दूधसागरसाठी गाडी घ्यायचा विचार असेल तर तो सोडा. कुळे इथून धबधब्याकडे जाणाऱ्या जंगलवाटेवर खासगी गाडी सोडत नाहीत. तिथल्या नोंदणी झालेल्या जीपनेच जायचं, आणि पावसाळ्यात त्याही बंद असतात.

किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. टायरखाली काय चिरडतंय ते वर बसलेल्याला कळतही नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, तिथे आखलेला रस्ता सोडून चाक बाहेर काढायचं नाही.

मग उरतं काय? कुळागराच्या आणि काजूच्या बागेच्या वाटा, सड्यावरच्या गाडीवाटा, पावसात चिखल होणारे गावातले कच्चे रस्ते, आणि सीमेपलीकडे दोडामार्ग, तिळारी, आंबोली, खानापूरचा पट्टा. यातल्या किती जागी गेल्या वर्षी तुम्ही खरोखर अडलात, ते मोजा. एकदाच अडला असाल तर उंच तळाची टू-व्हील ड्राइव्ह (दोनच चाकांना ताकद देणारी) गाडी आणि चांगले टायर एवढ्यावर भागेल. दर पावसाळ्यात अडत असाल तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: माणसं मोजा, मग सीट मोजा

मारुतीची पाच दारांची जिम्नी चार माणसांची आहे. महिंद्राची तीन दारांची थारही चारांचीच. घरात पाचवं माणूस असेल तर या दोन्ही तिथेच बाद होतात, बाकी कितीही गुण असोत. जिम्नीच्या मागच्या सीट उभ्या असताना डिकी फक्त २०८ लिटरची राहते. दोन रात्रींच्या चार जणांच्या पिशव्या त्यात मावत नाहीत, छतावर कॅरिअर लागतो.

तीन दारांच्या थारमध्ये मागच्या काचा खाली होत नाहीत. ज्या पोराला घाटात मळमळतं त्याच्या आईला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जुन्या जिप्सी आणि जीपमधले समोरासमोरचे आडवे बाक मुलांसाठी नकोतच. तिथे नीट पट्टा नसतो, आणि खड्ड्यात डोकं थेट लोखंडावर आपटतं. मागे प्रत्येकाला तीन बिंदूंचा सीटबेल्ट, लहान मुलाच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक आणि वयस्कर माणसाला चढताना धरायला मूठ, या तीन गोष्टींवर मी तडजोड केली नाही.

तिसरी पायरी: एडब्ल्यूडी की लो रेंजची फोर बाय फोर?

जाहिरातीत दोन्हींना सरसकट ‘चारही चाकांची ताकद’ म्हणतात, पण त्या दोन वेगळ्या जाती आहेत.

ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे एडब्ल्यूडी, गाडी आपसूक काम करते. पुढचं चाक घसरायला लागलं की थोडी ताकद मागे जाते. पावसात घाटाच्या वळणावर ती फार उपयोगाची, आणि चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही. मारुतीच्या ग्रँड विटाराची आणि टोयोटाच्या हायरायडरची एडब्ल्यूडी या जातीची. बसायला मोटारीसारखी, मुलं निवांत झोपतात. पण खोल चिखलात किंवा दगडी चढावर हळूहळू वर काढणारा लो गिअर तिला नसतो.

दुसरी जात लो रेंजवाली. तिला वेगळा लिव्हर किंवा बटण असतं: टू-एच (दोन चाकं, नेहमीचे गिअर), फोर-एच (चार चाकं, नेहमीचे गिअर), फोर-एल (चार चाकं, लो गिअर). फोर-एलमध्ये चाकं अगदी सावकाश फिरतात आणि ओढ कितीतरी वाढते. लोकांना वाटतं ती चढासाठी. मला तिची खरी किंमत उतारावर कळली. ओल्या मातीच्या उतारावर ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि गाडी तशीच घसरत जाते. फोर-एलमध्ये पहिला गिअर टाकून पाय ब्रेक आणि क्लच दोन्हीवरून काढला, तर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. कुळागराच्या त्या उतारावर मागे मुलं बसलेली असताना याहून मोठा दिलासा नाही.

या जातीचं एक पथ्य आहे. बहुतेक अशा गाड्यांत फोर-एच किंवा फोर-एल लावून कोरड्या डांबरावर चालवायचं नसतं. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, पण दोन्ही एक्सल (चाकं फिरवणारे पुढचे-मागचे आस) एकमेकांना जखडलेले असल्याने सगळा ताण आतल्या गिअरवर येतो. म्हणजे घाटातल्या डांबरावर ही गाडी टू-व्हील ड्राइव्हवरच चालते. तुमचा प्रवास मुख्यत्वे पावसातल्या घाटांचा असेल तर एडब्ल्यूडी बरी, चिखलाच्या वाटांचा असेल तर लो रेंज.

शोरूममध्ये आणखी एक प्रश्न विचारा: तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाकं, पुढचं डावं आणि मागचं उजवं, हवेत उचलली गेली तर काय होतं? डिफरन्शिअल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची जोडणी. साध्या डिफरन्शिअलमध्ये सगळी ताकद हवेतल्या चाकांकडे पळते आणि गाडी जागच्या जागी राहते. काही गाड्या फिरतं चाक ब्रेकने धरतात, काहींत दोन्ही चाकं एकत्र जखडणारा डिफरन्शिअल लॉक असतो. पैसे देण्याआधी हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.

चौथी पायरी: नावं आणि आकडे

खालच्या किमती त्या त्या गाडीच्या घोषणेच्या वेळच्या एक्स-शोरूम आहेत. आजचा भाव शोरूममध्ये घ्या आणि रोड टॅक्स, विमा धरूनच तुलना करा.

जिम्नी २०२३ च्या जूनमध्ये १२.७४ लाखांपासून आली. पेट्रोल, लो रेंज, तळ जमिनीपासून २१० मिमी, वजन बाराशे किलोच्या आसपास. हलकी असल्याने चिखलात सहज रुतत नाही, आणि रुतलीच तर चार माणसं ढकलू शकतात. चौघांच्या घरासाठी सगळ्यात कमी खर्चाची खरी फोर बाय फोर माझ्या मते हीच.

थार रॉक्स ही पाच दारांची, पाच सीटची. २०२४ च्या १५ ऑगस्टला ती बाजारात आली, पण फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये, आणि तिची किंमत १८.७९ लाखांपासून सुरू झाली. ‘थार १३ लाखांत’ असं ऐकून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ती टू-व्हील ड्राइव्हची किंमत. ६५० मिमी पाण्यातून जाण्याची तिची क्षमता कंपनी सांगते, आणि भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला पाच तारे आहेत. सासूबाई असलेल्या घरांसाठी मी हिच्याकडे बोट दाखवीन.

सात जण असतील तर स्कॉर्पिओ-एनची डिझेल फोर बाय फोर पाहा. पाच दारांची फोर्स गुरखाही आहे, दोन्ही एक्सलना लॉक असलेली, अतिशय दणकट. पण रोज पणजीत पार्किंग शोधायचं असेल तर तिचा आकार जड जातो.

पाचवी पायरी: जुनी घेत असाल तर

परवडणारी म्हटलं की जुन्या गाडीचा विषय येतोच, आणि गोव्यात इथेच सगळ्यात जास्त सांभाळायला हवं. आपल्याकडे रेंट-अ-कॅबच्या (स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या) काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या थार ढिगाने फिरतात. त्यांतल्या काही पुढे खासगी करून विकल्या जातात. पांढरी पाटी बघून निश्चिंत होऊ नका, आरसीवरचा आधीचा वर्ग आणि मालकांची संख्या तपासा. पर्यटकांनी वाळूत, खाऱ्या पाण्यात घातलेली गाडी वरून चकचकीत असली तरी आतून गंजलेली असते.

गॅरेजमध्ये गाडी उचलून घ्या. चासीचे (गाडीच्या सांगाड्याचे) जोड, स्प्रिंगांची बुडं, ब्रेकच्या नळ्या टॉर्च लावून बघा. नुकताच काळा रंग मारला असेल तर स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. दोन्ही डिफरन्शिअलचं तेल थोडं काढायला सांगा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. मग मातीवर फोर-एच आणि फोर-एल दोन्ही लावून, पुढे-मागे नेऊन बघा. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर पुष्कळदा अडकलेला असतो.

रेनोची जुन्या पिढीची डस्टर एडब्ल्यूडी अजूनही बरी मिळते, बसायलाही छान, पण लो रेंज नाही आणि सुटे भाग आधी विचारून ठेवावे लागतात. सिंधुदुर्गातून एमएच-०७ ची गाडी आणत असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) घ्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. तो धरला की स्वस्त वाटलेली गाडी तितकी स्वस्त राहत नाही.

सहावी पायरी: पैसे शिल्लक ठेवा

सगळं बजेट गाडीत ओतू नका. वरच्या मॉडेलचं सनरूफ सोडा आणि त्या पैशांत ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे, खोल खाचांचे) टायर घ्या, स्टेपनीसकट पाच. लाल चिखलात गुळगुळीत टायरची फोर बाय फोर चारही चाकांनी घसरते. चिखलात हवा ३०-३२ वरून २० पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरतो आणि पकड घेतो. म्हणून हवेचा छोटा कॉम्प्रेसर हवाच, डांबरावर परतताना पुन्हा भरायला. जोडीला ओढायचा चांगला पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी. पुढे लोखंडी बुलबार (बंपरपुढचा दांडा) बसवू नका, त्यावर २०१७ पासून बंदी आहे.

विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्या. साध्या पॉलिसीत पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचा खर्च सहसा मिळत नाही. व्हाळ ओलांडायच्या आधी स्वतः उतरून, काठीने तळ चाचपत पलीकडे जाऊन यायचं. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असेल तर परतायचं, मुलं मागे असताना तर नक्कीच. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ओढूनच काढा.

पहिली चक्कर पावसाळा संपल्यावर, ओळखीच्या कुळागरात, मालकाला विचारून करा. सोबत दुसरी गाडी असू द्या. तासभर फक्त फोर-एल लावणं, काढणं आणि उतार उतरणं एवढंच करा, आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ते स्वतःच्या हाताने करावं. वाटेत एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्याला गाडी बाहेर काढता यायला हवी.