टायर-तेलाच्या कारखान्यात पाहणी होण्याआधी

जुने टायर तापवून तेल काढणारे कारखाने वाडा तालुक्यातल्या गावांना नवे नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी येणार असं कळलं की आपल्याकडे निवेदन लिहायची घाई होते. त्याआधी कारखान्याच्या कन्सेंटची, म्हणजे मंडळाने दिलेल्या संमतिपत्राची, प्रत मिळवा. दिवसाला किती टायर घ्यायचे, इंधन कोणतं, धुराडं किती उंच, मुदत कधीपर्यंत, हे सगळं त्यात असतं आणि अधिकारी त्याच्याशीच ताडून बघतो. प्रत कुठे मिळाली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तेव्हा अर्ज आजच टाका.

मग नोंदींची एक वही सुरू करा. पाहणी दिवसा होते आणि वास रात्री येतो, म्हणून वहीशिवाय आपलं कोणी ऐकणार नाही. बॅच पद्धतीत, म्हणजे एका वेळी एकच भरती तापवताना, टायर रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे मोठ्या बंद टाकीत, भरून दार बंद करतात, बाहेरून जाळ देतात. आत हवा नसताना ४००-५०० अंशांवर रबराची वाफ होते आणि ती थंड करून तेल मिळतं. सगळ्यात धोक्याची वेळ दार उघडतानाची. रिअ‍ॅक्टर पुरता निवला नसेल तर आत उरलेली वाफ हवा लागताच पेटते, काजळी उडते. दार कधी उघडतात ती वेळ रोज लिहा. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली तर फोटो काढा, तारखेसकट.

विहिरीच्या पाण्याचा नमुना अधिकाऱ्यालाच घ्यायला सांगा. आपण भरलेली बाटली सहज झिडकारली जाते. टायर कुठून आले त्याची बिलंही बघायला सांगा, कारण तेलासाठी परदेशातून जुने टायर आणायला २०२२ पासून बंदी आहे.

कामगारांशी आधी बोला. रिअ‍ॅक्टरच्या सगळ्यात जवळ तेच असतात, कित्येकदा बायकामुलांसह आवारातच राहतात. मुलं कुठे झोपतात हे अधिकाऱ्याला दाखवा, पण सांगणाऱ्याचं नाव तक्रारीत घालू नका. त्याची रोजी जाईल.

पंचनामा वाचल्याशिवाय सही नको, आणि प्रत मागून घ्या. पुढे पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात, जायची वेळ आली तर तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. वहीतली पहिली तारीख ठळक अक्षरात लिहा.