जर्मनीत शिकायला येणाऱ्यांसाठी: पहिल्या वर्षाचा व्यवहार

प्रवेशपत्र हातात आले, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात) पैसे भरले आणि पासपोर्टवर व्हिसा लागला, की जर्मनीला जाण्याची तयारी संपली असे बहुतेकांना वाटते. हा लेख त्यानंतरच्या वर्षाविषयी आहे. आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारे एपीएस प्रमाणपत्र, भाषेची परीक्षा, विद्यापीठांची निवड यांविषयी हवे तेवढे मार्गदर्शन मिळते. रोजच्या जगण्याविषयीचे मार्गदर्शन मात्र तूरडाळ कुठे मिळते यापलीकडे क्वचितच जाते. इथे मास्टर्स करताना, आणि पुढे नव्याने येणाऱ्या मुलामुलींच्या घराच्या, कागदपत्रांच्या आणि परीक्षांच्या अडचणी सोडवायला मदत करताना, एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली. इथली व्यवस्था परक्या माणसाला वाईट वागवत नाही, पण ती कुणाच्या मागे लागत नाही. आपल्याकडे फॉर्म भरायची शेवटची तारीख वर्गातली मुले, ऑफिसातले शिपाई आणि घरचे असे सगळे मिळून लक्षात आणून देतात. इथे तारीख कुठेतरी लिहिलेली असते, ती वाचणे आपल्यावर सोडलेले असते आणि ती उलटली की परिणाम निमूटपणे लागू होतो.

पहिला प्रश्न पत्त्याचा. जर्मन पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि शहर एवढेच असते; फ्लॅटचा क्रमांक सहसा लिहीतच नाहीत. पोस्टमन खालच्या मजल्यावरच्या टपालपेट्यांवरची आडनावे वाचतो आणि नाव जुळले तरच पत्र टाकतो, नाहीतर ते पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणून खोलीची किल्ली मिळाली की बॅग उघडण्याआधी एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत आपले आडनाव लिहून ती पेटीवर चिकटवावी. पासपोर्टवर जे आडनाव असेल तेच लिहावे. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव छापले गेले असेल, तर दोन्ही नावे लिहावीत. बँकेचे कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात येतो, आरोग्य विम्याचे कार्ड येते, करक्रमांक येतो, आणि हे सगळे पहिल्या काही आठवड्यांत टपालानेच येते. पुढे कधी पिवळ्या रंगाचे पाकीट आले तर ते फाडून फेकू नये. त्यावर पोस्टमनने हाताने तारीख लिहिलेली असते आणि उत्तर देण्याची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते, आणि गोष्ट इथेच अडते. अनेक जण काही महिन्यांसाठी खोली पोटभाड्याने देतात आणि ‘नोंदणी करता येणार नाही’ असे आधीच सांगतात. खोली स्वस्त आहे, विद्यापीठाजवळ आहे, तेव्हा नोंदणीचे नंतर बघू, असा विचार करून ती घेतली जाते. पण नोंदणी नसेल तर करक्रमांक येत नाही आणि निवास परवान्याचा अर्ज अडतो. नोकरी मिळाली तरी पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. माझ्या मते अशी खोली फुकट मिळाली तरी महाग पडते. बर्लिन, म्युनिकसारख्या शहरांत नोंदणीची वेळ मिळायलाच उशीर लागतो, म्हणून पत्ता निश्चित होताच, भारतातून निघण्यापूर्वीसुद्धा, ती वेळ ऑनलाइन घेऊन ठेवावी. खोली न दाखवता ‘मी परदेशात आहे, अनामत भरा, किल्ली कुरियरने पाठवतो’ असे सांगणारा माणूस भेटला तर तिथेच थांबावे. ही फसवणूक इतकी ठरावीक झाली आहे की मजकूरही दरवेळी जवळपास तोच असतो.

पैशांचा हिशेब कागदावर सोपा दिसतो. सप्टेंबर 2024 पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला 11,904 युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरो आपल्या चालू खात्यात येतात. परंतु हे पैसे सुरू होण्यासाठी इथले चालू खाते लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत पहिले भाडे, सत्राचे शुल्क आणि घराची अनामत एकदम समोर येते. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याएवढी घेता येते. यातले भाडे म्हणजे काल्टमीटे, म्हणजेच हीटिंग, पाणी आणि इतर खर्च सोडून असलेले भाडे. म्हणून पहिल्या दोन महिन्यांची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, वेगळी जवळ असलेली बरी. आरोग्य विमा तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतो, तरी तो महिन्याला दीडशे युरोंच्या घरात जातो. याशिवाय नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-दूरदर्शनच्या शुल्काचे पत्र येते. घरात टीव्ही नसला तरी ते भरावे लागते, आणि अनेक जण ते बनावट समजून कचऱ्यात टाकतात. हे शुल्क माणशी नसून घरटी महिन्याला 18.36 युरो आहे, तेव्हा घरातला दुसरा कुणी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवून मोकळे व्हावे.

बरेच विद्यार्थी ‘वेगे’मध्ये (WG), म्हणजे अनेकांनी मिळून घेतलेल्या घरात, राहतात. तिथली भांडणे तत्त्वांवरून होत नाहीत. ती ओट्यावरच्या तेलकट डागांवरून आणि न्हाणीघरातल्या केसांवरून होतात. आठवड्याच्या सफाईची पाळी फ्रीजवर लावलेली असते आणि ती आपण विसरलो तर कुणी आवाज चढवत नाही, पण दुसऱ्या दिवशी चिठ्ठी चिकटलेली दिसते. फोडणी ही इथे खरोखर विचार करून करायची गोष्ट आहे, कारण घराघरांत धुराचे अलार्म असतात, आणि कडकडीत तेलात मोहरी-हिंग पडल्यावर उठणारा धूर त्यांना आगीपेक्षा वेगळा वाटत नाही. आधी खिडकी सताड उघडावी, स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे, तेल बेताचे तापवावे. याहून महत्त्वाचे म्हणजे हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या पूर्ण उघडाव्या लागतात आणि त्या वेळी हीटर बंद ठेवावा लागतो. थंडीच्या भीतीने खिडक्या बंद ठेवल्या, खोलीतच कपडे वाळवले आणि भाताची वाफही आतच राहिली, तर जानेवारीपर्यंत भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि घर सोडताना तिचे पैसे अनामतीतून जातात. भारतातून कुकर आणणार असाल तर तो इंडक्शनवर चालणारा आहे ना, हे बुडाकडे बघून तपासा; साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही.

आता अभ्यासाकडे. आपल्याकडून येणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते, आणि तिचे कारण विषय अवघड असणे हे क्वचितच असते. हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला कागदोपत्री सुरू होते, व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. बहुसंख्य व्याख्यानांना हजेरी नसते. वेळापत्रकात दहा वाजून पुढे सी. टी. ही अक्षरे असतील तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. ते संपले की मुले टाळ्या न वाजवता बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. सरावाची उदाहरणे दर आठवड्याला मिळतात, ती सोडवली की नाही हे पुष्कळदा कुणीही विचारत नाही, अंतर्गत गुण नसतात, आणि पूर्ण विषयाचा निकाल शेवटच्या एका लेखी किंवा तोंडी परीक्षेवर अवलंबून असतो. ही मोकळीक नोव्हेंबरात फार सुखावह वाटते. एक क्रेडिट म्हणजे पंचवीस ते तीस तासांचे काम असा हिशेब धरलेला असतो, म्हणजे सहा क्रेडिटच्या विषयामागे किमान दीडशे तास. त्यातले व्याख्यानाचे तास निम्म्याहूनही कमी असतात. उरलेले तास परीक्षेच्या तोंडावर दोन आठवड्यांत बसवता येत नाहीत, हे गणित सत्र सुरू होतानाच वहीच्या पहिल्या पानावर मांडून ठेवावे.

परीक्षेला बसण्यासाठी पोर्टलवर त्या त्या विषयाची वेगळी नोंदणी करावी लागते. वर्षभर व्याख्यानांना बसलेल्या विद्यार्थ्यानेही नोंदणी केली नसेल तर त्याला पेपर देता येत नाही, आणि प्राध्यापकांना भेटून विनंती केली तरी बहुधा उपयोग होत नाही, कारण तो अधिकार परीक्षा कार्यालयाचा असतो. नाव मागे घेण्याचीही मुदत असते. गुण 1.0 ते 5.0 असे दिले जातात, 1.0 सर्वोत्तम, 4.0 ला उत्तीर्ण आणि 5.0 ला अनुत्तीर्ण. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात तिन्ही संधी गेल्या तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो, आणि तसाच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात करण्याचा मार्गही अनेकदा बंद होतो. या सगळ्याचे नियम अभ्यासक्रमाच्या परीक्षा-नियमावलीत दिलेले असतात. ती जर्मनमध्ये असते, रुक्ष असते आणि जवळपास कुणीही वाचत नाही. भाषांतराच्या अॅपमधून का होईना, पहिल्या महिन्यात ती वाचावी असा माझा आग्रह आहे. परीक्षेच्या दिवशी आजारी पडलात तर घरी झोपून राहणे पुरत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते नियमात दिलेल्या मुदतीत परीक्षा कार्यालयात पोहोचवावे लागते, अन्यथा ती संधी गेली असे धरतात. तसेच दर सत्राला शुल्क भरून नाव पुढे चालू ठेवावे लागते. ते राहिले तर पटावरून नाव कमी होते.

कामाविषयी लवकरच चर्चा सुरू होते. मार्च 2024 पासून आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातल्या सहायकाच्या कामाचे दिवस यात मोजत नाहीत. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा विद्यार्थ्यांच्या विम्याच्या सवलतीसाठी पाळावी लागते. भारतातल्या एखाद्या ओळखीच्या कंपनीसाठी फ्रीलान्स काम करून बिल पाठवणे निरुपद्रवी वाटते, पण स्वतंत्र व्यवसायाला विद्यार्थी परवान्यावर वेगळी परवानगी लागते. पहिल्या सत्रात काम करू नये, अगदीच गरज असेल तर थोडे करावे, असे मी सांगतो. गोदामातली रात्रपाळी करून सकाळी व्याख्यानाला जागे राहणारे फार थोडे असतात, आणि एका विषयात नापास झाल्यामुळे वाढलेल्या सत्राचा खर्च त्या पगारापेक्षा जास्त भरतो.

रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून दूध, भाज्या, पाव शनिवारी आणून ठेवावेत. दुपारचे जेवण विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, विद्यार्थी दरात होते. शाकाहारी पदार्थ मिळतात, मिठामसाल्याची अपेक्षा ठेवू नये. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आणि पेयांचे धातूचे डबे दुकानातल्या यंत्रात टाकले की बहुतेकांचे प्रत्येकी 25 सेंट परत मिळतात.

हिवाळा मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, भारताशी फरक साडेचार तासांचा होतो, आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. संध्याकाळी खोलीवर यावे तर घरी जेवणे उरकून निजानीज झालेली असते. नेमके या दिवसांत माणूस व्याख्याने चुकवू लागतो, कारण हजेरी नाही. मग जेवणाच्या वेळा हलतात, मग झोप हलते. याला थंडीचा आळस म्हणून सोडून देऊ नये. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात अगदी कमी शुल्कात बॅडमिंटन, पोहणे, योगासने असतात आणि आठवड्यातून ठरलेल्या वेळी चार माणसे आपली वाट पाहतात, हा त्यांचा खरा फायदा. महाराष्ट्र मंडळे आणि भारतीय विद्यार्थ्यांचे गट आहेतच, त्यांचा आधार मोठा असतो. पण घर, अभ्यासगट आणि सुट्टी हे तिन्ही मराठी मुलांतच झाले तर दोन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत जर्मन बोलता येत नाही. मन फारच खचले तर विद्यार्थी सेवा संस्थेचे समुपदेशक असतात, ते इंग्रजीतही बोलतात आणि काहीही विद्यापीठाला कळवत नाहीत. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर 116117, आणि जिवावर बेतले असेल तर 112.

वर्ष संपत आले की निवास परवान्याचे नूतनीकरण येते. अर्ज जुना परवाना संपण्याच्या आत गेला पाहिजे. पैशांचा पुरावा, विमा आणि अभ्यासातली प्रगती पुन्हा दाखवावी लागते. नवे कार्ड यायला काही महिने लागतात आणि तोवर एक तात्पुरता कागद देतात. दिवाळीला घरी जाण्याचे तिकीट काढण्यापूर्वी त्या कागदावर निवास कायद्याच्या कलम 81 चे कोणते उपकलम लिहिले आहे ते पाहावे. उपकलम 4 असेल तर भारतात जाऊन परत येता येते. उपकलम 3 असेल तर त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही. उपकलम 4 असले तरी वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचे असल्यास तो कागद तिथे चालतो का, हे विमान कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे आणि तिचे उत्तर छापून, मुदत संपलेल्या जुन्या कार्डासकट, हातातल्या बॅगेत ठेवावे.